मध्यरात्रीची घंटा : तंजावरचे तीन हिशेब

'अन्नछत्रात जेवायचे आणि वर मिरपूड मागायची' ही म्हण आपण सारेच वापरतो. फुकट जेवणाऱ्याने खोड्या काढू नयेत, एवढाच तिचा अर्थ. परंतु तंजावरच्या मराठी राजांनी चालवलेल्या छत्रांविषयीचे जुने वर्णन वाचले की ही म्हण अगदी उलटी होऊन समोर येते. तेथे शिजवलेला भात ज्याला चालत नसे त्याला कोरडा शिधा मिळे आणि त्या शिध्याबरोबर मसाल्याचे जिन्नसही दिले जात. मिरपूड मागणे हा तेथे आगाऊपणा नव्हता. ती देणे हा छत्राच्या नियमाचाच भाग होता.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला तंजावरविषयी एक हळवा अभिमान असतो. व्यंकोजीराजे, सरस्वती महाल ग्रंथालय, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख, ही त्या अभिमानाची ठिकाणे आहेत. तो अभिमान मलाही आहे. परंतु नोकरीची तीन दशके अहवाल वाचण्यात आणि लिहिण्यात गेल्यामुळे असेल, तंजावरला गेल्यावर माझ्या मनात दुसराच एक प्रश्न येतो. ज्या संस्थेला व्यवहारही सांभाळायचा असतो आणि लोककार्यही करायचे असते, तिचे काम नीट चालले आहे की नाही हे कशावरून ठरवायचे? अर्थशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवले होते की खासगी पेढीचे यश नफ्यात दिसते. धर्मादाय संस्थेचे यश मात्र कोठे दिसते, हे कोणी नेमके सांगितले नव्हते. आणि जी संस्था एकाच वेळी पेढीही आहे आणि धर्मादायही, तिच्याविषयी तर पाठ्यपुस्तकात अर्धे पानही नव्हते.

तंजावरच्या भूमीवर या प्रश्नाची तीन उत्तरे वेगवेगळ्या काळी दिली गेली. ती तिन्ही येथे क्रमाने मांडतो.

पहिले उत्तर : मूळ धन घटता कामा नये

बृहदीश्वराचे मंदिर राजराज चोळाने इ. स. १०१० च्या सुमारास पुरे केले. त्याच्या भिंतींवर कोरलेले लेख भक्तिभावाने वाचावेत तसेच लेखापरीक्षकाच्या नजरेनेही वाचावेत. मंदिर हे मोठे जमीनदार होते, मोठे धनको होते आणि चारशे नर्तकींसह असंख्य सेवकांचे पोशिंदेही होते. प्रत्येक नर्तकीच्या वाट्याला वर्षाला शंभर कलम भात (येथे भात म्हणजे साळ) ठरलेला होता. देवाच्या पाण्यात वेलदोडा, चाफ्याच्या कळ्या आणि वाळा घालण्यासाठीसुद्धा स्वतंत्र ठेवी होत्या. त्या ठेवी गावोगावच्या सभांना कर्जाऊ दिल्या जात. व्याजाचा दर बहुधा एका काशूला वर्षाकाठी एक अष्टमांश काशू, म्हणजे शेकडा साडेबारा असे. व्याजातून वेलदोडा यायचा, मुद्दल तसेच राहायचे.

अखंड दिव्यांची व्यवस्था तर अधिक बोलकी आहे. एका दिव्यासाठी ९६ मेंढ्या किंवा ४८ गाई किंवा १६ म्हशी नेमून दिलेल्या असत. ज्या गवळ्याकडे त्या सोपवल्या त्याने रोज एक उळक्कू तूप मंदिराला द्यायचे. ते तूप कोणत्या मापाने मोजायचे हेही ठरलेले होते. 'आडवल्लान' हे देवाच्याच नावाचे ते माप. चोळकालीन लेखांत अशा कळपाला 'न मरणाऱ्या, म्हाताऱ्या न होणाऱ्या मेंढ्या' असे म्हटलेले आढळते. मेंढी मरणारच, हे त्या लोकांना ठाऊक होते. शब्दप्रयोगाचा अर्थ एवढाच, की मेलेल्या मेंढीची जागा भरून काढण्याची जबाबदारी गवळ्याची, आणि वाढलेल्या कोकरांचा लाभही त्याचाच. भांडवल अबाधित ठेवून त्याच्या उत्पन्नातूनच खर्च भागवावा, हे आजच्या हिशेबशास्त्रातले सूत्र त्यांनी एका विशेषणात सांगून टाकले आहे.

या पहिल्या हिशेबात दोन गोष्टी मोजल्या जातात. मूळ धन शाबूत आहे का? आणि ठरलेली वस्तू, ठरलेल्या मापाने, ठरलेल्या दिवशी आली का? हा हिशेब चोख आहे. त्यात उणीव आहे ती एकच. दिवा लागला की हिशेब संपतो. त्या उजेडात कोण उभे राहू शकले आणि कोणाला गोपुराबाहेरच थांबावे लागले, याची नोंद त्या भिंतीवर नाही.

दुसरे उत्तर : अजून कोण उरले आहे?

रामेश्वराच्या वाटेवर पायी जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या भोसल्यांनी छत्रे बांधली. काहींना राजस्त्रियांची नावे दिली. नीडामंगलम येथील यमुनांबा छत्र आणि ओरत्तनाडू येथील मुक्तांबा छत्र ही त्यांतली प्रसिद्ध नावे. छत्राला गावे लावून दिलेली असत. त्या गावांचा भात येई, काही शिजे, काही विकला जाई, आणि त्यातून कोठी, पाकशाळा, वैद्य, शिक्षक असा सारा संसार चाले. म्हणजे छत्र हीसुद्धा शेती आणि धान्यविक्रीवर उभी असलेली संस्था होती. पाऊस चुकला की तिचीही ओढाताण होई.

१७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार कंपनीकडे गेला. दुसऱ्या सरफोजीराजांकडे किल्ला, वार्षिक एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. राज्य गेले, आता छत्रेही जाणार काय, ही धास्ती होती. तेव्हा १८०१ च्या जानेवारीत राजांनी तंजावरचा रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला एक पत्र लिहिले आणि छत्रे आपल्याच हाती राहावीत अशी विनंती केली. त्या पत्रात छत्रांत काय चालते याचे तपशीलवार वर्णन आहे. ब्राह्मणापासून त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या परयापर्यंत, जोगी, जंगम, अतीत, बैरागी, जो येईल त्याला अन्न. आजारी वाटसरूला औषध आणि पथ्याचे जेवण, तो बरा होईपर्यंत. रोग, सूज आणि सर्पविष यांवर उपचार जाणणारे वैद्य. लहान मुलांना दूध. बाळंतिणीची तीन महिन्यांपर्यंत सोय. निराधार मुलांना पंतोजींच्या हवाली करून त्यांचे जेवण, कपडे, शिक्षण आणि पुढे लग्नाचाही खर्च. वाटेत कोणी मरण पावला तर त्याची उत्तरक्रिया.

या साऱ्या तपशिलात एक ओळीचा नियम आहे, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा केला जाई, की ज्यांना अजून जेवण मिळाले नाही त्यांनी यावे, त्यांच्यासाठी भात तयार आहे.

आज कोणत्याही कार्यालयात या छत्राचा मासिक अहवाल मागितला तर त्यात काय येईल? जेवलेल्यांची संख्या, लागलेला तांदूळ, माणशी खर्च, मंजूर तरतुदीशी त्याचे प्रमाण. हे आकडे उपयोगाचे आहेत, यात शंका नाही. परंतु घंटा विचारते तो प्रश्न निराळा आहे. किती जेवले, हे घंटा विचारत नाही. कोण राहिले, हे विचारते. शिवाय ती हा प्रश्न वर्षअखेरीस, समितीपुढे विचारत नाही. रोज, त्याच रात्री, चूल विझण्यापूर्वी विचारते. उत्तर मिळाले तर लगेच काही करता यावे म्हणून विचारते.

कल्याणकारी योजनांच्या चर्चेत दोन प्रकारच्या चुका सांगितल्या जातात. एक, ज्याला गरज नाही त्याला लाभ मिळणे. दुसरी, ज्याला गरज आहे तोच वगळला जाणे. पहिली चूक खर्चाच्या वहीत आपोआप दिसते, कारण तिचे बिल येते. दुसरी चूक कोणत्याही वहीत दिसत नाही. उलट ती झाली तर खर्च कमी होतो आणि संस्था अधिक कार्यक्षम भासते. म्हणून दुसरी चूक मुद्दाम बाहेर जाऊन, हाक मारून शोधावी लागते. छत्राने पहिली चूक डोळे उघडे ठेवून पत्करली होती आणि दुसरीसाठी घंटा बांधली होती.

येथे लेखापरीक्षकाच्या भूमिकेतून एक शेरा मारणे भाग आहे. हे पत्र विनंतीअर्ज आहे. राजांनी स्वतःच्या संस्थेचा गोपनीय अहवाल स्वतःच लिहिला आहे, आणि स्वतःचा अहवाल लिहिताना कोणाचाही हात आखडत नाही, हे आम्हा सरकारी लोकांना अनुभवाने ठाऊक आहे. शिजलेले आणि कोरडे असा भेद करण्यामागे जातिव्यवस्था होती, हेही विसरता येत नाही. तरीही आपण कशाने ओळखले जावे असे एखाद्या संस्थेला वाटते, हे तिच्या आत्मप्रशंसेतूनही कळते. राजांनी टॉरिनला छत्राची शिल्लक सांगून प्रभावित करण्याचा प्रयत्न केला नाही. घंटेविषयी सांगितले.

छत्रे राजांकडे राहिली. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुरुष वारसाविना निवर्तले, संस्थान खालसा झाले आणि छत्रांची व्यवस्था सरकारकडे गेली. १८६१ मध्ये नागपट्टणम ते तंजावर रेल्वे सुरू झाली. १९१४ मध्ये पांबनचा पूल होऊन गाडी थेट रामेश्वर बेटावर पोहोचली. पायी यात्रेकरूच उरला नाही, तर छत्रात जेवणाऱ्यांची संख्या घटणारच. येथे आकडे फसवतात. पाने कमी उठली म्हणून संस्था वाईट ठरत नाही, आणि माणशी खर्च वाढला म्हणून उधळपट्टीही सिद्ध होत नाही. गरजच जागा बदलते. अशा वेळी संस्थेला नवा प्रश्न विचारावा लागतो, की आता उपाशी कोण आहे आणि तो कोणत्या वाटेवर आहे? कालांतराने छत्रांच्या इमारतींचा आणि उत्पन्नाचा काही उपयोग शाळा व वसतिगृहांसाठी झाला. ते एका अर्थी या प्रश्नाचेच उत्तर होते.

तिसरे उत्तर : व्यवहाराची तत्त्वे आणि दोघांचे हित

योगायोग असा, की स्वतंत्र भारतातील सर्वांत मोठ्या धान्यसंस्थेचा आरंभही तंजावरलाच झाला. भारतीय अन्न महामंडळ १४ जानेवारी १९६५ रोजी, ऐन पोंगलच्या दिवसांत, अस्तित्वात आले. मुख्यालय त्या वेळी मद्रासला होते आणि पहिले जिल्हा कार्यालय तंजावरला उघडले. ज्या १९६४ च्या कायद्याने महामंडळ स्थापन झाले, त्यात संचालक मंडळाला दिलेला आदेश वाचण्यासारखा आहे. मंडळाने व्यावसायिक तत्त्वांवर काम करावे, उत्पादक आणि ग्राहक या दोघांचे हित लक्षात घ्यावे, आणि धोरणाच्या बाबतीत केंद्र सरकारच्या सूचनांनुसार चालावे. एका वाक्यात तीन धनी. उत्पादकाला चढा भाव हवा, ग्राहकाला उतरता, आणि व्यावसायिक तत्त्व म्हणते की दोहोंच्या मधला खर्च निघाला पाहिजे.

तो निघत नाही, कारण दोन्ही किमती सरकार ठरवते. खरेदीची किंमत, खरेदीचे आनुषंगिक खर्च आणि वितरणाचा खर्च यांची बेरीज म्हणजे महामंडळाची 'आर्थिक किंमत'. विक्रीची किंमत त्याहून कितीतरी कमी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये किलो झाला, आणि जानेवारी २०२३ पासून त्या कायद्याखालील धान्य मोफत दिले जाऊ लागले. मधला फरक म्हणजे अन्नअनुदान. वर्तमानपत्री चर्चेत तो पुष्कळदा महामंडळाचा 'तोटा' म्हणून वावरतो. ही भाषेची चूक नव्हे, मोजमापाची चूक आहे. धोरणाने जाणूनबुजून केलेला खर्च आणि व्यवस्थापनाच्या ढिलाईने झालेला खर्च एकाच आकड्यात घातले, की दोघेही एकमेकांआड लपतात. गोदामातली गळती अनुदानाच्या पदराखाली जाते, आणि गरिबाच्या ताटातला भात गळती म्हणून बदनाम होतो. आर्थिक किमतीत राज्यांनी खरेदीवर लावलेले करही येतात. त्यांवर महामंडळाचा काडीचाही ताबा नाही. ज्यावर ताबा नाही त्याचा जाब विचारला की अधिकारी पहिला धडा शिकतो तो सबबी लिहिण्याचा.

सार्वजनिक उपक्रमांसाठी १९८० च्या दशकात, अर्जुन सेनगुप्ता समितीच्या शिफारशींनंतर, सामंजस्य कराराची पद्धत आली. वर्षारंभी उद्दिष्टे ठरवायची, प्रत्येकाला भारांक द्यायचा, वर्षाअखेर गुण मोजून 'उत्कृष्ट' ते 'निकृष्ट' अशी श्रेणी लावायची. पुढे १९९२ मध्ये कॅप्लान आणि नॉर्टन यांनी 'संतुलित गुणपत्रिका' मांडली. तिचे सांगणे असे, की केवळ पैशाचा आकडा पाहू नका, ग्राहक, अंतर्गत कामकाज आणि नवे शिकणे हेही पाहा. दोन्ही पद्धतींत शहाणपण आहे. धोका आहे तो शेवटच्या पायरीवर, जेथे सगळ्याची बेरीज करून एकच गुण काढला जातो. बेरजेत एका रकान्यातील तूट दुसऱ्या रकान्यातील वाढ भरून काढते. कागदावर ती भरते. माणसाच्या पोटात भरत नाही.

जे मोजले गेले नाही

याचा सर्वांत कठोर दाखलाही जुन्या तंजावर जिल्ह्यातलाच आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी सघन कृषी जिल्हा कार्यक्रमासाठी देशातील जे मोजके जिल्हे निवडले गेले, त्यांत तंजावर होता. बियाणे, खत, कर्ज, एकरी उत्पादन, सारे मोजले जात होते. शेतमजुराला सुगीत भाताची किती मापे मजुरी मिळते, हा आकडा प्रगतीच्या तक्त्यात मधोमध नव्हता. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेण्मणी या गावात (ते आज नागपट्टणम जिल्ह्यात आहे) ४४ दलित माणसे, बहुतांश स्त्रिया आणि मुले, एका झोपडीत जाळून मारली गेली. मजुरीत अर्ध्या मापाच्या वाढीची मागणी हे त्या संघर्षाच्या मुळाशी असलेल्या कारणांपैकी एक होते.

आडवल्लानच्या मापाने तूप मोजणारी ही भूमी. छत्रातल्या भाताची कीर्ती सांगणारी ही भूमी. परंतु तो भात पिकवणाऱ्याच्या मापाची वही कोणी ठेवली नाही. मराठी राजांच्या छत्रांचा अभिमान बाळगताना मला हेही आठवावे लागते, की घंटेचा आवाज वाटसरूपर्यंत जाई. छत्राला लावून दिलेल्या गावांतील कुळाच्या झोपडीपर्यंत तो जात होता काय, हे राजांच्या पत्रात नाही. प्रत्येक घंटेची एक हद्द असते. मोजमाप करणाऱ्याने ती हद्द आधी लिहून ठेवावी.

आजच्या तंजावरमध्ये घंटा कोठे बांधावी, याचेही उत्तर कठीण नाही. कुरुवै हंगामाचा भात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापणीला येतो आणि त्याच सुमारास ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. सरकारी खरेदीसाठी भातातील ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे. डेल्टातला शेतकरी रस्त्याच्या कडेला भाताच्या राशी वाळत घालतो, पुन्हा ओल्या होताना पाहतो, आणि थेट खरेदी केंद्रापुढे वाट बघतो. मर्यादा शिथिल करण्याची मागणी वारंवार होते. २०२२ मध्ये ती १९ टक्क्यांपर्यंत वाढवून दिली गेली होती. ओला भात घेतला तर गोदामात नासाडी वाढते, ही अडचण खरी आहे. नियम अकारण केलेला नाही. परंतु खरेदी केंद्राच्या अहवालात किती टन घेतले हे असते. किती राशी संध्याकाळी मापाविना परत गेल्या, हा रकाना त्याच अहवालात, त्याच जाडीच्या अक्षरात हवा. नियम बदलायचा की वाळवण्याची यंत्रे वाढवायची, हा निर्णय मग माहितीवर होईल.

वितरणाच्या टोकाला तमिळनाडूने अशी घंटा एका अर्थी बांधली. १९९७ मध्ये देशभर लक्ष्याधारित रेशन आले, तेव्हा या राज्याने सर्वांसाठी खुली असलेली व्यवस्थाच चालू ठेवली. खर्च वाढतो हे मान्य करून, कोणी वगळले जाऊ नये याला अधिक भार दिला. त्यावर मतभेद असू शकतात. पण निवड स्पष्ट आहे, आणि स्पष्ट निवडीचेच मोजमाप करता येते.

शेवटी, स्वतःविषयी

एका सार्वजनिक संस्थेच्या वार्षिक मूल्यमापनाच्या बैठकीत काही वर्षांपूर्वी मी होतो. तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तिने त्या वर्षी दूरच्या वस्त्यांतील काही लहान केंद्रे बंद केली होती. त्यामुळे दर एककामागचा खर्च घटला, गुण वाढले आणि श्रेणी 'उत्कृष्ट' आली. कागदपत्रे नियमानुसार होती. त्या केंद्रांवर येणारी माणसे आता कोठे जातात, असा रकाना नमुन्यात नव्हता, म्हणून मीही तो प्रश्न विचारला नाही. मी सही केली. तंजावरची घंटा मी त्यानंतर वाचली. आधी वाचली असती तर प्रश्न विचारला असता, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु प्रश्न विचारण्यासाठी शिलालेखाची गरज नव्हती.

तीन हिशेबांतून मला जे समजले ते थोडक्यात असे. मूळ धन शाबूत आहे का, हा मेंढ्यांचा हिशेब वेगळा ठेवावा. ठरलेले काम ठरलेल्या खर्चात झाले का, हा हिशेब वेगळा ठेवावा, आणि त्यातून धोरणाने लादलेला खर्च आधी बाजूला काढावा. कोण उरले, हा घंटेचा हिशेब तिसरा. या तिघांची बेरीज करू नये. पहिले दोन बिघडले तर छत्र बंद पडते, म्हणून त्यांना कमी लेखता येत नाही. तिसरा बिघडला तर छत्र चालू राहते, शिल्लकही वाढते, आणि तेवढ्याचसाठी तो अधिक जपावा लागतो.

ओरत्तनाडूचे मुक्तांबा छत्र आजही उभे आहे. रामेश्वराला निघालेल्या मराठी वाचकांनी वाट थोडी वाकडी करून ते अवश्य पाहावे. घंटा ऐकू येणार नाही. ती आपापल्या कार्यालयात वाजवायची आहे.